आशियाई चवीचे खिम्याचे गोळे आणि इंद्रायणीचा भात : कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणासाठी

बुधवारी किंवा शुक्रवारी घरी सामिष जेवण करायचे ठरले की साताऱ्यातल्या बहुतेक घरांत रस्सा-भाकरीचा विचार आधी होतो. पण रश्शाला वाटण लागते, वाटणासाठी कांदा-खोबरे भाजावे लागते आणि मटण शिजायला वेळ द्यावा लागतो, त्यामुळे संध्याकाळी सातच्या सुमारास कामावरून परतणाऱ्या माणसाला तो बेत रविवारवर ढकलावा लागतो. अशा दिवसासाठी चिकनच्या खिम्याचे छोटे गोळे, त्यांच्याभोवती आले, लसूण, सोया सॉस आणि गूळ यांचा दाटसर रस आणि सोबत वाफाळता भात हे जेवण अत्यंत सोयीचे आहे. साहित्य घरात असेल तर साधारण पाऊण तासात चार माणसांचे पोटभर जेवण तयार होते आणि मुले व वडीलधारी माणसे तेच जेवण एकाच पंगतीत आवडीने जेवतात.

पूर्व आणि आग्नेय आशियात खिम्याच्या गोळ्यांची परंपरा जुनी आणि विविध आहे. जपानमध्ये चिकनच्या खिम्याचे ‘त्सुकुने’ काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात आणि त्यांना सोया सॉसचा गोडसर रस लावतात, इंडोनेशियात ‘बाक्सो’ हे घट्ट, लवचिक गोळे गरम सुपात वाढतात, तर चीनच्या यांगचौ भागात मुठीएवढे मोठे गोळे कोबीसोबत मंद आचेवर दीर्घकाळ शिजवतात. येथे दिलेली कृती यांपैकी कोणत्याही एका देशाची नाही. तिच्यातला गोडसर-खारट रस जपानी पद्धतीच्या जवळचा आहे, खिमा मळण्याची रीत चिनी स्वयंपाकातून घेतली आहे आणि बाकी सारे आपल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांवर बेतलेले आहे. संध्याकाळी गाड्यांवर मिळणाऱ्या मंचुरियनपेक्षाही हा पदार्थ वेगळा आहे, कारण येथे गोळे भरपूर तेलात तळायचे नाहीत, त्यांत मैदा घालायचा नाही आणि रसाला कोणताही कृत्रिम रंग द्यायचा नाही.

या पदार्थाचा खरा कस रसात नसून खिम्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रस थोडा कमी-अधिक झाला तर शेवटच्या क्षणीही सुधारता येतो; पण गोळा एकदा कोरडा किंवा दडदडीत झाला, तर कितीही चविष्ट रस घातला तरी तो मऊ होत नाही. म्हणून खिम्याची निवड आणि मळणी यांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

चिकनच्या दुकानात ‘अर्धा किलो खिमा’ एवढेच सांगितले तर बहुधा छातीच्या मांसाचा खिमा मिळतो. तो दिसायला पांढरा आणि स्वच्छ असतो, परंतु त्यात चरबी फार कमी असल्यामुळे शिजल्यावर तो कोरडा पडतो. त्याऐवजी तंगडीच्या वरच्या, म्हणजे मांडीच्या भागाचे बोनलेस मांस निवडावे आणि त्याचा खिमा डोळ्यांदेखत काढून घ्यावा. निदान निम्मे मांस तरी मांडीचे असावे. आधीच काढून ठेवलेला खिमा घेऊ नये, कारण अखंड तुकड्यापेक्षा खिम्याचा कितीतरी अधिक पृष्ठभाग हवेला आणि हाताला उघडा पडतो आणि त्यामुळे तो लवकर खराब होतो. घरी आणल्यावर तो लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावा.

खिमा धुण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, परंतु या पदार्थासाठी ती सोडून द्यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. धुतलेल्या खिम्यात पाणी अडकून राहते, गोळे वळताना पसरतात आणि गोळा बांधून ठेवणारा मांसाचा चिकटपणा पाण्याबरोबर निघून जातो. शिवाय कच्चे चिकन नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात; जंतू मरतात ते शिजवण्याने, धुण्याने नव्हे. न धुतलेले मांस वापरणे मनाला पटतच नसेल, तर खिमा काढण्यापूर्वी मांसाचे तुकडे धुऊन, चांगले निथळून आणि स्वच्छ फडक्याने कोरडे करून घ्यावेत व मग घरच्या मिक्सरमध्ये थांबून थांबून, थोडे थोडे फिरवून त्यांचा जाडसर खिमा करावा.

चार माणसांसाठी अर्धा किलो खिम्याला लागणारे साहित्य पुढीलप्रमाणे आहे. येथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलीटर, चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलीटर आणि वाटी म्हणजे २०० मिलिलीटर समजावी. खिम्यासाठी आदल्या दिवशीचा एक लादी पाव, ४ मोठे चमचे दूध किंवा पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ, १ मोठा चमचा सोया सॉस, १ मोठा चमचा किसलेले आले, ६ लसूण पाकळ्या, कांद्याच्या ३ पातींचा पांढरा भाग, मूठभर कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या, अर्धा चहाचा चमचा मिरपूड आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घ्यावे. रसासाठी २ मोठे चमचे सोया सॉस, २ मोठे चमचे चिरलेला गूळ, १ मोठा चमचा व्हिनेगर, बोटभर आल्याच्या बारीक सळ्या, ४ लसूण पाकळ्या, २ सुक्या लाल मिरच्या, सव्वा वाटी पाणी आणि २ चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर लागते. याखेरीज तेल, २ मोठे चमचे पांढरे तीळ, कांद्याची हिरवी पात आणि दीड वाटी तांदूळ एवढेच हवे. अंड्याची गरज नाही, कारण पाव आणि नीट मळलेला खिमा गोळा बांधायला पुरेसे होतात.

या साहित्यातील आले हा सातारकरांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जिल्ह्यात कोरेगाव, कराड आणि सातारा तालुक्यांत आल्याची मोठी लागवड होते आणि ‘सातारी आले’ राज्यभरच्या बाजारपेठांत ओळखले जाते. गोळ्यांसाठी रसरशीत आले निवडावे आणि ते बारीक किसणीवर दोऱ्यांच्या आडव्या दिशेने किसावे, म्हणजे लांब दोरे खिम्यात जात नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी की ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते. थोड्या वेळात ते मांस कोवळे करते, पण आले घातलेला कच्चा खिमा रात्रभर ठेवला तर तो पिठूळ होतो. म्हणून आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर बाकी सर्व चिरून ठेवावे आणि आले स्वयंपाकाच्या वेळीच मिसळावे.

कामाची सुरुवात तांदळापासून करावी. या पदार्थाबरोबर मोकळा, लांब दाण्याचा बासमती मला योग्य वाटत नाही, कारण रस त्यावरून ओघळून ताटाच्या तळाशी जातो. पूर्व आशियात अशा जेवणासोबत किंचित चिकट भात वाढतात आणि तो गुण आपल्या इंद्रायणी तांदळात पुरेपूर आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हे वाण तयार केले आणि १९८७ मध्ये ते प्रसारित झाले. आंबेमोहराचा सुवास आणि शिजल्यावर येणारा मऊ चिकटपणा यांमुळे जावळी, पाटण, वाई या आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांतही ते चांगले रुळले आहे. दीड वाटी तांदूळ पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत तीनचार वेळा धुऊन २० मिनिटे भिजत ठेवावा, नंतर निथळून पावणेतीन वाट्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावा. पाण्याला उकळी येईपर्यंत आच मोठी ठेवावी, नंतर ती अगदी मंद करून १२ ते १४ मिनिटे ठेवावी आणि आच बंद केल्यावर झाकण न काढता आणखी १० मिनिटे मुरू द्यावा. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, त्यामुळे हंगामातला ताजा तांदूळ असेल तर पाव वाटी पाणी कमी घालावे. भातात मीठ मुळीच घालू नये. रस खारट असतो आणि अळणी भातामुळेच त्याची चव तोलली जाते.

तांदूळ भिजत असताना खिमा मळावा. पावाचे तुकडे करून दुधात भिजवावेत आणि चमच्याने दाबून त्यांचा मऊ लगदा करावा. पावाचा हा लगदा खिम्याला ओलावा धरून ठेवायला मदत करतो आणि शिजताना मांस आक्रसले तरी गोळा घट्ट होऊ देत नाही. पसरट परातीत गार खिमा घेऊन त्यात आधी फक्त मीठ आणि सोया सॉस घालावा आणि हाताची बोटे पसरून तो एकाच दिशेने दोनतीन मिनिटे जोराने फेटावा. मिठामुळे मांसातील काही प्रथिने विरघळतात आणि फेटल्यामुळे ती एकमेकांना धरून ठेवतात. खिम्याचा मोकळेपणा जाऊन तो परातीला चिकटू लागला आणि बोटांमागे तंतू दिसू लागले की काम झाले असे समजावे. यानंतर त्यात तीन मोठे चमचे थंड पाणी थोडे थोडे जिरवावे. हे पाणी पाहून अनेकांना शंका येते, पण फेटलेला खिमा ते सहज शोषून घेतो आणि गोळे रसदार राहतात.

पाणी जिरल्यावर पावाचा लगदा, किसलेले आले, ठेचलेला लसूण, अगदी बारीक चिरलेली पात आणि कोथिंबिरीच्या काड्या, मिरपूड व कॉर्नफ्लोअर घालून सर्व हलक्या हाताने एकजीव करावे. येथे पुन्हा जोर लावू नये. पात आणि काड्या जाडसर चिरल्या तर गोळे त्याच ठिकाणी फुटतात, म्हणून चिरण्यात आळस करू नये. मिश्रण झाकून दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत ही विश्रांती टाळणे योग्य नाही, कारण उष्णतेने चरबी सैल पडते आणि गोळे वळताना हाताला लिबलिबीत लागतात. या वेळात भात शिजायला ठेवता येतो.

गोळे वळताना तळहात पाण्याने ओले करावेत, कारण तेलाचा हात लावला तर खिमा निसटतो. साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे लहान लिंबाएवढे २२ ते २४ गोळे होतात. ते एकसारखे असणे दिसण्यापुरते महत्त्वाचे नाही. लहान-मोठे गोळे एकाच भांड्यात शिजवले की लहान कोरडे होतात आणि मोठे आत कच्चे राहतात. वळून झाल्यावर हात, परात आणि ओटा साबणाने लगेच धुवावा, आणि काकडी किंवा पात चिरण्यासाठी कच्च्या चिकनला न लागलेली सुरी व पाट घ्यावा.

आता पसरट कढईत किंवा तव्यावर तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल मध्यम आचेवर तापवावे आणि गोळे दोन खेपांत, एकमेकांना न चिकटतील इतके अंतर ठेवून मांडावेत. गर्दी केली तर मांसाचे पाणी सुटून गोळे भाजण्याऐवजी उकडू लागतात आणि तपकिरी रंगाबरोबर येणारा खमंगपणा हाती लागत नाही. पहिली दोन मिनिटे त्यांना हात लावू नये. खालची बाजू नीट भाजली की गोळा तव्यापासून आपोआप सुटतो. जोर लावावा लागत असेल तर तो अजून तयार नाही. मग दोन चमच्यांनी हळुवार फिरवत सर्व बाजूंनी सहा-सात मिनिटे भाजावेत आणि ताटात काढावेत. या वेळी ते आतून पूर्ण शिजलेले नसतात, त्यामुळे कोणाला चाखायला देऊ नयेत.

बिडाच्या तव्यावर गोळे फार सुंदर भाजले जातात, पण रस मात्र त्याच तव्यात करू नये. सोया सॉस आणि व्हिनेगर यांच्यातील आंबटपणा लोखंडाशी प्रक्रिया करतो आणि रसाला धातूची चव येते. अशा वेळी रस स्टीलच्या कढईत वेगळा करावा.

रसासाठी गूळ सव्वा वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण गुऱ्हाळातल्या गुळात कधीकधी बारीक कण असतात. साखरेऐवजी गूळ वापरणे ही केवळ सोय नाही. सोया सॉसच्या आंबवलेल्या, गडद चवीला गुळाची चव जशी साथ देते तशी पांढऱ्या साखरेची देत नाही, असा माझा अनुभव आहे. कढईत एक चमचा तेल तापवून त्यात आल्याच्या सळ्या, चिरलेला लसूण आणि सुक्या मिरच्यांचे तुकडे मंद आचेवर अर्धा मिनिट परतावेत. लसूण तांबूस होऊ लागताच गुळाचे पाणी आणि सोया सॉस घालून उकळी आणावी. बाजारातल्या गडद सोया सॉसचा खारटपणा प्रत्येक बाटलीत वेगळा असतो, म्हणून येथे रसाची चव घ्यावी आणि जास्त खारट वाटला तर थोडे पाणी वाढवावे. कच्चे गोळे रसात जाण्यापूर्वीच ही चव पाहावी, हे सांगण्याची आवश्यकता आहे.

उकळत्या रसात भाजलेले गोळे सोडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटे शिजू द्यावेत. मध्ये एकदा ते उलटावेत. सर्वांत मोठा गोळा कापून पाहावा. आत गुलाबी रंग कोठेही नसावा आणि सुटणारा रस पारदर्शक असावा. घरी स्वयंपाकाचा तापमापक असेल तर चिकनच्या गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान यायला हवे. हा निकष डोळ्यांच्या अंदाजापेक्षा केव्हाही अधिक भरवशाचा आहे. गोळे शिजल्यानंतर कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून, ढवळत ढवळत रसात सोडावे आणि रसाला चकाकी येईपर्यंत मिनिटभर उकळू द्यावे. पिठूळ चव राहिली तर ती उकळी अपुरी पडल्याची खूण आहे. आच बंद केल्यावर शेवटी व्हिनेगर घालावे. व्हिनेगर नसेल तर एका लिंबाचा रस चालतो, मात्र तो उकळता कामा नये.

परदेशी पाककृतींत येथे भाजलेल्या तिळाचे गडद तेल घालतात. आपल्याकडचे तिळाचे तेल कच्च्या तिळांपासून काढलेले असते आणि त्याला तो खमंग वास नसतो. त्यापेक्षा पांढरे तीळ मंद आचेवर बदामी रंगावर भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावेत आणि वाढताना वरून घालावेत. संक्रांतीसाठी आणलेल्या तिळांतले उरलेले तीळ यासाठी उत्तम ठरतात.

खोलगट ताटलीत भात, त्यावर प्रत्येकी पाच-सहा गोळे, भरपूर रस, तीळ आणि हिरवी पात असे वाढावे. सोबत काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्याव्यात आणि त्यांत थोडे व्हिनेगर व चिमूटभर साखर घालावी. दह्याची कोशिंबीर या रसाशी जुळत नाही. तिखट खाणाऱ्यांनी हिरव्या मिरचीचे तुकडे व्हिनेगरमध्ये भिजवून स्वतंत्र घ्यावेत, म्हणजे मुलांसाठी वेगळा रस करावा लागत नाही.

मटणाचा खिमा वापरायचा असेल तर तो यंत्रातून दोनदा काढून घ्यावा, त्यात थोडी चरबी ठेवायला सांगावी आणि गोळे रसात पंधरा ते अठरा मिनिटे शिजवावेत. त्यासाठी रसात अर्धी वाटी पाणी अधिक घालावे. घरात एखादी व्यक्ती सामिष खात नसेल तर तिच्यासाठी कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याचे गोळे करता येतात. सकाळी भिजवलेला घेवडा संध्याकाळी कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून, पाणी निथळून कुस्करावा आणि त्यात कोरड्या पावाचा चुरा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, आले, लसूण, मिरपूड आणि मीठ घालून गोळे वळावेत. हे गोळे सर्वांच्या आधी वेगळ्या तव्यावर कुरकुरीत भाजावेत आणि रसात न शिजवता, चिकनचे गोळे घालण्यापूर्वी बाजूला काढून दाट केलेला रस वरून ओतावा, अन्यथा ते विरघळतात.

वेळ असेल तेव्हा दुप्पट खिम्याचे गोळे करून ठेवणे फायद्याचे ठरते. गोळे भाजून रसात पूर्ण शिजवावेत, गार करून डब्यात भरावेत आणि फ्रीझरमध्ये ठेवावेत. महिनाभरात ते वापरावेत आणि आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून, दुसऱ्या दिवशी रसात उकळी येईपर्यंत गरम करावेत. वीज बराच वेळ गेल्यामुळे ते पूर्ण मऊ पडले असतील आणि तरीही पुरते थंड असतील, तर पुन्हा न गोठवता त्याच दिवशी संपवावेत. कोमट झाले असतील तर टाकून द्यावेत. उरलेल्या भातालाही हीच काळजी लागते, कारण भातात शिजल्यावरही टिकणारे काही जंतुबीज असतात आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढून असे विष तयार करतात, जे नंतरच्या फोडणीने किंवा गरम करण्याने नष्ट होत नाही. जेवणे आटोपताच भात पसरट ताटात गार करून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोडणीचा भात करताना तो वाफ येईपर्यंत परतावा.